थेट प्रक्षेपण अडतंय? आधी राऊटर ते टीव्ही तपासा

श्रोतेहो, नमस्कार.

विसर्जनाच्या दिवशी मानाचा कसबा गणपती लक्ष्मी रस्त्याला लागलेला असतो. गुडघेदुखीमुळे गर्दीत जाता न येणारे आजी-आजोबा कोथरूडला, वाकडला टीव्हीपुढे बसलेले असतात, आणि चित्र थांबून पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. मग घरात ठरतं, नेट हळू आहे, मोठा प्लॅन घ्या. कृपा करून इतक्या लवकर पैसे घालवू नका. एचडी चित्राला ५ ते १० एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) पुरतात, फोर-केला साधारण २५. आज घरोघरी असलेली फायबरची जोडणी बहुधा याहून बरीच जास्त देते. अडचण असते ती राऊटर ते टीव्ही या टप्प्यात.

तुम्ही म्हणाल, याच टीव्हीवर सिनेमा तर छान चालतो! सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे टीव्ही पुढचा भाग आधी उतरवून ठेवतो. नेट थोडा वेळ रेंगाळलं तरी तो साठा कामी येतो. थेट प्रक्षेपणातला पुढचा मिनिट अजून घडलेलाच नसतो. काही सेकंदांचे तुकडे येतात आणि लगेच दाखवले जातात, साठा जेमतेम. म्हणूनच डिशवाल्या शेजाऱ्यांकडे आधी ‘आउट’चा आरडाओरडा होतो आणि आपल्याकडे विकेट नंतर पडते. तो उशीर म्हणजे बिघाड नव्हे. त्यातून सगळे एकाच वेळी बघतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते.

तेव्हा आधी दोष कुठे आहे ते पाहा. मोबाईलचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर तोच कार्यक्रम लावा. तिथेही अडला, तर बहुधा दोष मुळात आहे. मिरवणुकीत हे हमखास होतं. रस्त्यावरचे कॅमेरे अनेकदा मोबाईल नेटवर्कवरूनच चित्र पाठवतात आणि त्याच टॉवरवर लाखोंचे फोन असतात. तिथे आपण घरी बसून काही करू शकत नाही. दुसरं चॅनल लावून बघा.

मोबाईलवर नीट चाललं, तर वायफायकडे वळा. स्पीड टेस्ट टीव्हीशेजारी उभं राहून करा, तीही रात्री आठ-नऊला. मग राऊटरजवळ जाऊन पुन्हा करा. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की दोष सापडला. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती वायफाय अडवतात हे अनेकांना माहीत असतं. पण नव्या टॉवरमधल्या, आतल्यासुद्धा काँक्रीटच्या आणि सळ्यांच्या भिंती त्याहून वाईट. त्यात राऊटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात नाहीतर टीव्हीच्या मागे कोंबलेला. त्याला बाहेर काढा, उंचावर, मोकळ्यावर ठेवा. बऱ्याच राऊटरवर ५ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ अशी दोन प्रकारची वायफाय असतात. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं जोडा. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे पोचतं खरं, पण सोसायटीतल्या सगळ्यांच्या राऊटरची त्यावर गर्दी असते, शिवाय मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो.

पण माझं ऐकाल तर सरळ लॅन केबल, म्हणजे राऊटरपासून टीव्हीपर्यंत नेटची वायर टाका. कॅट सिक्स प्रकारची ही वायर दाराच्या चौकटीच्या कडेने नेली की भिंतींचा प्रश्नच उरत नाही. टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला वायफायवर कशाला ठेवायचं? ज्या घरात म्हातारी माणसं एकटी टीव्ही बघतात, तिथे तर ही वायर आवर्जून टाकून द्या.

केबल लावूनही अडलं तर टीव्हीकडे बघा. जुन्या स्मार्ट टीव्हीची मेमरी भरते. नको ती अ‍ॅप काढा, कॅश, म्हणजे अ‍ॅपने तात्पुरती साठवलेली माहिती, पुसा, टीव्ही प्लगपासून बंद करून पुन्हा लावा. ऐन कार्यक्रमात वेळ नसेल, तर चित्राचा दर्जा ७२० वर आणा. किंवा अर्धा मिनिट पॉज करून पुन्हा सुरू करा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तेवढ्यात थोडा साठा जमतो. मात्र मग ‘गो लाइव्ह’ दाबू नका, दाबलंत की जमलेला साठा गेला.

एवढं करूनही रोज रात्रीच अडत असेल, तर कंपनीला फोन करा आणि केबल लावून घेतलेले सकाळचे आणि रात्रीचे स्पीडचे आकडे सांगा. म्हणजे ‘राऊटर बंद करून चालू करा’ यावर बोळवण होणार नाही. आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल, तर सेटिंगशी झटापट करू नका. बाहेरून येणारी वायर बहुधा तुटली किंवा दुमडली आहे, माणूस बोलावूनच घ्या.