जठर ही पिशवी नव्हे

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘ऊती, अवयव आणि पचनसंस्था’. हे तीन शब्द एका ओळीत पाहूनच बरं वाटलं, कारण शिकवताना ते क्वचितच शेजारी येतात. ऊतींचा, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, धडा एकीकडे, पचनाचा भलतीकडे. मुलं चार प्रकारच्या ऊती घोकतात, पुढे कधीतरी जठराची आकृती काढतात, आणि ते जठर त्याच चार ऊतींचं आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. आकृतीत जठर म्हणजे रंगवलेली पिशवी. वरून भरायची, खालून रिकामी करायची. ही पिशवी मला फार वर्षं सलते आहे.

जिवंत माणसाच्या या ‘पिशवी’त डोकावायला मिळालं त्याची गोष्ट सांगतो. ६ जून १८२२. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला भोक पडलं. कातडी-फरच्या व्यापारात होड्या वल्हवणारा हा गडी. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांना वाटलं, हा काही वाचत नाही. तो वाचला! जखम भरली, भोक मात्र राहिलं. जठराच्या अस्तराची एक घडी वाढून त्यावर पडद्यासारखी बसली. बोटाने ढकलली की आतलं दिसायचं.

१ ऑगस्ट १८२५ला ब्यूमाँटनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून आत सोडले. तासाभराने दोरा ओढला. पाव आणि कोबी निम्मे विरघळलेले, मांस जवळजवळ जसंच्या तसं. पुन्हा सोडला. आणखी तासाने कोबी, पाव, शिजवलेलं मांस, सगळं दोऱ्यावरून नाहीसं! (मागच्या रांगेत कुणीतरी पोटावर हात ठेवला, मला दिसलं.)

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच. उपाशीपोटी आत रस साठलेला नसे. अन्नाचा स्पर्श झाला की अस्तर लालसर होई आणि रस पाझरू लागे. सेंट मार्टिन चिडला की पचनाची चाल बिघडे. पिशवी कधी चिडते का? आणि त्याने चिडू नये तर काय करावं! पोटात दोरे सोडून घेत, घरापासून दूर, वर्षानुवर्षं. १८३३ साली पुस्तक निघालं, नाव डॉक्टरांचं झालं. तो १८८०मध्ये वारला तेव्हा घरच्यांनी मुद्दाम देह काही दिवस ठेवला आणि मग खोल पुरला, डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून. मला त्या कुटुंबाचं अगदी पटतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच, भरभर सांगतो.

अस्तर लाल झालं, म्हणजे संयोजी (जोडणाऱ्या) ऊतीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या. रस पाझरला, तो अभिस्तर (अस्तराच्या) ऊतीतून. ती ऊती आम्ल सोडते, आणि त्याच आम्लापासून वाचायला स्वतःवर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रवाचा, थर धरते. तरी पेशी झिजतातच, म्हणून वरचा थर काही दिवसांत नवा येतो. अन्न घुसळतात ते स्नायू ऊतीचे तीन थर, तिरपा, गोल, उभा. आणि चिडल्यावर बिघडलं, तिथे चेता (मज्जातंतूंची) ऊती. अन्नमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत.

लहान आतड्यातही याच चौघी, मांडणी वेगळी. साधारण सहा मीटरची नळी, आत घड्या, घड्यांवर रसांकुर, म्हणजे बोटांसारखे इवलेसे उंचवटे, रसांकुरांच्या पेशींवर आणखी बारीक केस. अन्न रक्तात शिरतं ते इथे, पेशींच्या एकाच थरातून. एकाच! म्हणून मी म्हणतो, धडा ऊतींपासून सुरू करून थेट जठरात उतरवा, मध्ये खंड नको.

बाहेर टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचा छेद लावलाय. गुलाबी बोटांसारखे दिसतील ते रसांकुर. कडेला जांभळ्या ठिपक्यांची रांग म्हणजे त्या एका थराची केंद्रकं, आणि मध्येमध्ये रिकाम्या थेंबांसारख्या दिसतात त्या श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी. मुलांना आधी पाहू द्या.