शरणपूर ते रबाई

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून तुमच्यापैकी कितीतरी जण रोज जात असतील. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की आपण मोकळे. पण ते नाव एकदा नीट म्हणून बघा. शरण आलेल्यांचं पूर, ते शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशन संस्थेचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४च्या सुमाराला तेव्हाच्या नाशिकबाहेर ही वस्ती वसवली. आपल्या गावांत रस्त्याच्या पाटीवर नाव असतं, पण ते का पडलं याची दोन ओळींची माहिती कुठेच नसते. ती असायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. शाळेत जाणारी पोरं पाट्या वाचतच वाढतात.

तर या शरणपुरात कोण शरण आलं? आफ्रिकेतली मुलं. त्या काळी अरबी समुद्रात इंग्रजांचं आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सोडवलेली लेकरं मुंबईच्या धक्क्यावर उतरायची आणि त्यांतली बरीच पुढे शरणपूरला यायची. तिथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवत आणि सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदेही शिकवत. आज शाळेच्या वेळापत्रकात हाताच्या कामाचा तास आधी कापला जातो, याचं मला वाईट वाटतं. शरणपूरच्या मुलांनी पुढे आयुष्य उभं केलं ते या दोन्हींच्या जोरावर.

त्यांतलेच एक विल्यम जोन्स. जन्माने याओ जमातीचे, म्हणजे आफ्रिकेतल्या न्यासा सरोवराकडच्या मुलखातले. लहानपणी पळवलेले, विकलेले, समुद्रात सुटलेले. नाशिकला ते लोहारकाम शिकले. त्यांच्या पत्नीचं नाव जेमायमा. आपल्या मराठी बायबलात ईयोबाच्या थोरल्या लेकीचं नाव यमीमा आहे ना, तेच हे. जुन्या मिशनच्या कागदांत पुष्कळदा नुसतं 'अमुक आणि त्यांची पत्नी' असं लिहिलेलं असतं. ती पत्नीही समुद्र ओलांडून गेली, तापात पडली, तिथे तिने चूल मांडली. तिचं नाव लिहायला शाई कमी पडायला नको होती. म्हणून मी आज दोन्ही नावं घेणार आहे. विल्यम आणि जेमायमा.

१८६४ साली मिशनने या दोघांना आफ्रिकेत पाठवलं. साल लक्षात ठेवा, १८६४. नाशिकचेच इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिडही त्यांच्याबरोबर होते. जायचं होतं रबाईला. मोंबासापासून आत, टेकडीवरचं गाव, आजच्या केनियात. तिथलं मिशन योहान क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याने सुरू केलं होतं. १८४४ साली मोंबासाला पोचल्यावर काही महिन्यांतच त्याची पत्नी रोझीना आणि तान्ही मुलगी दोघी तापाने गेल्या, तरी तो माणूस तिथून हलला नाही. त्याचे सहकारी योहान्स रेबमान आता थकले होते. त्यांच्या मदतीला हे नाशिकचे लोक चालले होते.

लोक म्हणतात, ते आफ्रिकेत परत गेले. परत कसले? न्यासाचा मुलूख रबाईपासून शेकडो कोस दूर. रबाईची बोली वेगळी, माणसं वेगळी. विल्यमना तिथे ना आईचं घर होतं, ना ओळखीचं झाड. एकदा परक्या गावात वाढलेली ही दोघं दुसऱ्यांदा परक्या गावात गेली. पहिल्यांदा त्यांना नेलं होतं, या वेळी ती आपल्या पायांनी गेली.

आता जी गोष्ट सांगायला मी आज इथे बसलो आहे, ती.

३१ मे १८८५. मोंबासाच्या बाजूला बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना डीकनपदाची, म्हणजे पाळकाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. नाशिकच्या शाळेतली दोन मुलं, आता पाळक. दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, बिशप युगांडाला निघाले आणि सोबत जोन्सना घेतलं. दोनशेहून जास्त हमाल, डोक्यावर ओझी, वाट मसाई मुलखातून. ऑक्टोबरात ते पश्चिम केनियातल्या आजच्या मुमियासपाशी पोचले. तिथे बिशप म्हणाले, तुम्ही तळ सांभाळा, मी पन्नास माणसं घेऊन पुढे जातो.

त्यांना ठाऊक नव्हतं की बुगांडाच्या, म्हणजे आजच्या युगांडातल्या एका राज्याच्या, दरबारात पूर्वेच्या वाटेने येणाऱ्या परक्याची धास्ती होती. राज्य बुडवणारे त्या बाजूनेच येतील, असं तिथे मानलं जाई. तरुण राजा म्वांगाच्या हुकमाने २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बुगांडाच्या पूर्वेला, बुसोगात बिशपना मारलं. बरोबरची माणसंही मारली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली आणि कशीबशी तळावर येऊन पोचली.

जोन्सनी लगेच पाठ फिरवली नाही. कुणी आणखी वाचलं असेल, मागून येईल, म्हणून ते थांबले. महिनाभर थांबले. मग ८ डिसेंबरला तळ हलवला. शंभरावर माणसं, आणि पुढे सातशे किलोमीटरहून कमी नाही अशी वाट. सगळी पायी. निघताना पुढारी गोरा बिशप होता, परतताना ती सगळी माणसं एका नाशिककर लोहाराच्या भरवशावर होती.

४ फेब्रुवारी १८८६. रबाईच्या टेकडीवर बातमी आली की जोन्सचा तांडा येतो आहे. बायका धावत वाटेवर आल्या. सगळ्यांत पुढे एक माणूस, त्याच्या हातात निळा झेंडा. निळा, श्रोतेहो, तिकडे निळा हा सुतकाचा रंग. त्या निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता. ईखाबोद.

बायबलातल्या पहिल्या शमुवेलात ती गोष्ट आहे. कराराचा कोश, म्हणजे इस्राएली लोकांची पवित्र पेटी, शत्रूने नेला, सासरा गेला, नवरा गेला, हे ऐकून एली याजकाची सून बाळंत होते आणि मरता मरता मुलाचं नाव ठेवते, ईखाबोद. म्हणजे, वैभव गेलं. निळा झेंडा, पांढरी अक्षरं, ईखाबोद. त्यामागे चिंध्या झालेले कपडे, सुजलेले पाय. बायका आपापला माणूस त्या रांगेत शोधत होत्या. ज्यांना तो दिसला नाही, त्यांचा आक्रोश. मी हे दरवेळी वाचतो तेव्हा त्या गर्दीत जेमायमाबाईंना शोधतो. सात महिन्यांनी आलेला नवरा समोर, आणि शेजारणीचा नवरा आलेला नाही. अशा वेळी बाई कुणाकडे आधी जाते?

पुढचं थोडक्यात सांगतो, वेळ होत आला. रबाईत जोन्सनी मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. एक आला, दहा आले, शेकडो झाले. मालक चवताळले, हत्यारांची भाषा सुरू झाली. गोऱ्या मिशनऱ्यांशीही खटके उडाले. नाशिकच्या माणसांना बरोबरीचा मान मिळावा, ही त्यांची मागणी होती, आणि ती रास्तच होती. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झींनी मालकांना पैसे मोजून चौदाशेहून अधिक माणसांची सुटका केली.

१ जानेवारी १८८९ला रबाईत मुक्ततेचे कागद वाटले. तिथे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात आपापला कागद पडला. शरणपुरात आसरा मिळालेला मुलगा तेव्हा पन्नाशीकडे झुकला होता, आणि त्या रांगेतली कितीतरी माणसं त्याच्याच दारात आसऱ्याला आलेली होती.