मानेचं वय, काखेचं वय

आगरवाडा, गोव्यातला पेडणे तालुका. मार्चमधली सकाळ. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, घेतलेलं भरतीचं पाणी मिठागरात तापत पडलंय. इथं ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरून उलटूनही.

(आजोबा मीठ ओढताहेत.)

यांची मान पाहा. जाड, चौकटी-चौकटीच्या भेगांची. आता हात उचलला की दिसते ती काख पाहा. मऊ, तरण्या माणसाची म्हणावी अशी. जन्मतारीख एकच.

उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की त्यातली शेजारची दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी ही गाठ हुडकते, भोवतालचा तीसेक अक्षरांचा तुकडा कापते आणि समोरच्या धाग्यावर बघून नवा भरते. हे उलगडणारे अझीझ सान्जार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, बांधाला खेकडे भोकं पाडतात, माणसं चिखलानं बुजवतात. तसंच हे. सावलीतही सुटका नाही; प्रत्येक पेशीत रोज हजारो इजा होतात. बहुतेक बुजतात. पण त्याआधीच पेशी विभागली, तर चूक नकलून पुढे जाते. मग ती चूक म्हणून ओळखूच येत नाही.

२०२२ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सोळा जातींच्या सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशींत अशा चुका मोजल्या. उंदरात पेशीमागे वर्षाला सुमारे ८००, माणसात ४७. उंदीर जगतो फार तर तीन-चार वर्षं. गुणाकार करा: अखेरीस दोघांचा हिशेब जवळपास येतो.

म्हणजे म्हातारपणाचं कारण सापडलं? थांबा. डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनातच जन्मजात दोष असलेल्या काही माणसांत या चुका कितीतरी वेगानं साठतात. त्यांना कॅन्सर लवकर गाठतो. म्हातारपण मात्र लवकर येताना दिसत नाही. उलट वर्नर सिंड्रोम या जन्मजात आजारात दुरुस्तीच्या कामातलंच एक प्रथिन बिघडलेलं असतं, आणि विशीतच केस पिकतात. मला तरी वाटतं, नकललेल्या चुकांपेक्षा न बुजलेली भोकं महाग पडतात. अशी इजा झालेली पेशी एक तर मरते, नाही तर विभागायचंच सोडून देते.

मानेच्या सुरकुत्यांचं सगळं खापर डीएनएवर फोडू नये, हेही खरं. ऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, तेही तोडतं.

(दुपार. बांधाला पाझर फुटलाय.)

आजोबा चिखलाचा गोळा घेऊन वाकलेत. नातीनं आणलेली टोपी झोपडीत खुंटीला आहे.