दाब नॉर्मल, तरी काचबिंदू

(दृश्य : अंधारी तपासणी खोली. पडद्यावर डोळ्याच्या आतला फोटो.)

बाहुली मोठी करणारे थेंब घातले, की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर ही फिकट गुलाबी चकती दिसते, म्हणजे डोळ्याच्या नसेचं टोक. रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. दहा लाखांच्या आसपास तंतू इथूनच मेंदूकडे निघतात. आता तिच्या कडेला पाहा, रक्ताची बारीक लाल रेघ आहे. काही आठवड्यांत ती विरून जाईल. पण डॉक्टर तिची नोंद ठेवतात, कारण काचबिंदूत, म्हणजे ही नस हळूहळू झिजवणाऱ्या आजारात, ती आणखी झिजण्याची ती खूण ठरू शकते. आणि डोळ्याचा दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूच्या रुग्णांत ही रेघ जास्त सापडते.

हो, दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या पाहणीत ओपन अँगल काचबिंदूच्या (डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट उघडी असलेला प्रकार) दहातल्या नऊ रुग्णांचा डोळ्याचा दाब २१ मिलिमीटर पाऱ्याच्या आत, म्हणजे नॉर्मलच होता.

मग नस का सुकते? एक मोठं कारण रक्तपुरवठ्यात असावं. नसेला रक्त पोचवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक. रक्तदाब रक्त आत ढकलतो, डोळ्याचा दाब त्याला अडवतो. या दोघांतलं अंतर कमी झालं, की नस उपाशी राहू लागते. रात्री झोपेत रक्तदाब उतरतो आणि आडवं झाल्यावर डोळ्याचा दाब चढतो. दवाखान्यात आपण मोजतो तो मात्र दिवसाचा दाब!

पंजाबात जन्मलेले, अमेरिकेत आयोवाला काम केलेले डॉ. सोहनसिंग हायरे यांनी रुग्णांचा रक्तदाब चोवीस तास मोजला. १९९४ साली त्यांनी मांडलं, की बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत ज्यांची नजर ढासळत गेली, त्यांचा रात्रीचा रक्तदाब जास्त खाली जात होता.

रक्तपुरवठा वाढवून काचबिंदू थांबवणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. दाब नॉर्मल असला तरी तो आणखी उतरवणं, हाच भरवशाचा उपाय. १९९८ च्या एका चाचणीत दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के बिघडले, उपचार न केलेल्यांपैकी ३५ टक्के.

म्हणून काचबिंदू असेल तर बीपीची गोळी कोणती आणि किती वाजता घेता, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. ते डोळ्यांच्या आणि बीपीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, गरज पडली तर रात्रीचा रक्तदाब मोजून.