ओ-यू-जी-एच: एका हरवलेल्या आवाजाच्या खुणा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या कड्यावर बसलेला हा पक्षी बघा. अंग कावळ्यासारखं काळंभोर, चोच आणि पाय मात्र लालभडक. याचं नाव ‘चफ’. लिहिताना सी-एच, आणि पुढे ओ-यू-जी-एच. १९७३ मध्ये कॉर्नवॉलमधला शेवटचा चफ मेला. २००१ मध्ये काही पक्षी आपणहून परतले आणि पुढच्याच वर्षी इथल्या कपारीत पिल्लं झाली.

पक्षी परतला. जी-एच या जोडीचा मूळ आवाज मात्र इंग्लंडमधून गेला तो गेलाच.

शाळेत आपण सगळेच इथे अडखळलो आहोत. टफ, थ्रू, दो, बाउ, कॉफ. शेपूट एकच, उच्चार पाच. पाठ करा, असं सांगितलं जायचं. पण यामागे कारण आहे, आणि ते कळलं की हे शब्द जिवाभावाचे वाटू लागतात. जुन्या इंग्रजीत घशातून घासून येणारा एक ‘ख’ होता. आजचा ‘थ्रू’ तेव्हा ‘थुर्ख’ होता. आधी हा आवाज नुसत्या एचने लिहीत. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनिकांच्या हातून हळूहळू जी-एच रुळलं. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. स्पेलिंग खिळ्यांत पक्कं होऊ लागलं आणि इकडे बोलण्यातून तो ‘ख’ विरत गेला. कुठे पार गळाला, कुठे त्याचा ‘फ’ झाला.

याच शेपटाचे आणखी काही शब्द बघा. ‘क्लफ’ म्हणजे उत्तर इंग्लंडमधली अरुंद घळ. ‘स्लफ’ म्हणजे सापाची कात. तेच स्पेलिंग ‘स्लाउ’ असं वाचलं की दलदल.

आणि हा ‘सफ’. डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींत पाणी भरायचं. मग खाणकामगार डोंगराच्या पोटातून नदीपर्यंत हलक्या उताराचा बोगदा खोदायचे. पाणी आपोआप वाहून जायचं. त्या बोगद्याला ते ‘सफ’ म्हणत. क्रॉमफर्डच्या सफचं पाणी थंडीतही गोठत नसे. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये सुरू केलेल्या सूतगिरणीची चाकं या पाण्यावरही फिरली. पुढे मीअरब्रुक सफ आणखी खालून खोदला गेला आणि क्रॉमफर्डचं पाणी तिकडे ओढलं गेलं. खाणी बंद पडल्या, शब्द शब्दकोशात गेला. मीअरब्रुकच्या दगडी कमानीतून पाणी अजून बाहेर येतं आहे.

याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे, अगदी वेगळ्या मुळाचा. झाडांतून वाऱ्याची जी लांबट सळसळ येते, तिचं नाव. इंग्लंडमध्ये तो ‘साउ’ किंवा ‘सफ’. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र अजूनही ‘सूख’ म्हणतात, आणि शेवटचा ‘ख’ घशातून घासूनच येतो.

ऐका. आधी वारा, मग शब्द.