हळदीची पट्टी, बारा तुकडे

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड. अडत्या मोबाईलवर हिशेबपट्टीचा फोटो काढतो.)

हळदीचा सौदा झाला, पट्टी झाली, तिचा ४ एमबीचा फोटो क्लाउडवर गेला. मोबाईलवर हिरवी टिक आली. ही टिक नेमकी कधी द्यायची, इथूनच साठवणीची डोकेदुखी सुरू होते.

फाइल लिहिली की लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, ती आधी रॅममध्ये धरतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मूळ सेटिंगमध्ये ही सवड सुमारे ३० सेकंदांची. तेवढ्यात वीज गेली तर टिक दिसलेली, पण फोटो गायब. म्हणून सर्व्हरने आधी एफसिंक करायचं, म्हणजे ‘आत्ताच डिस्कवर उतरव’ असा हुकूम द्यायचा, डिस्कने होकार दिला की मगच टिक. त्यातही मेख आहे. एफसिंक फसलं आणि पुन्हा केलं, तर दुसऱ्या वेळी लिनक्स बिनदिक्कत ‘झालं’ म्हणू शकतं, डेटा डिस्कवर नसतानाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं. त्यानंतर असा एरर आला की तो डेटाबेस मुद्दाम बंद पडतो आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, पुन्हा उभा राहतो.

(दृश्य : सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल, पाणीपातळीच्या खुणा.)

डिस्कवर उतरलेला फोटोही डिस्क बिघडली तर जातो. म्हणून तीन पूर्ण प्रती ठेवायच्या तर १२ एमबी जागा जाते. त्यापेक्षा रीड-सॉलोमन कोड, १९६० सालचं गणित. फोटोचे १० तुकडे करायचे, त्यांवरून ४ जादा तुकडे काढायचे, आणि सगळे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायचे. चौदांपैकी कुठलेही १० मिळाले की फोटो पुरा. जागा ५.६ एमबी. कागदावर झकास!

पण इथे कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी एखादी डिस्क नाही, अख्खी इमारत जाते. तीन इमारतींत १४ तुकडे वाटले तर ५, ५ आणि ४. पाचवाली गेली की उरले ९, आणि एका तुकड्यावाचून फोटो अडला. त्यामुळे ८ अधिक ४ बरं. प्रत्येक इमारतीत ४, जागा ६ एमबी. एक इमारत गेली तरी ८ उरतात. मात्र नेमके आठच. तेवढ्यात त्यांतली आणखी एक डिस्क बंद पडली तर वाचन थांबलं. आणि तिन्ही इमारती एकाच पूररेषेत असतील तर ही सगळी आकडेमोड फुकट.

बंद पडलेली डिस्क निदान दिसते तरी. डिस्कवरचा एखादा बिट (० किंवा १) गुपचूप उलटतो, तेव्हा एररही येत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याला चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लावायचा आणि सगळ्या डिस्क ठरावीक काळाने वाचून तो ताडून पाहायचा. पहिला चेकसम मोबाईलवरच काढावा. सर्व्हरवर काढला, तर वाटेत बिघडलेल्या फोटोलाही ‘बरोबर’ असा शिक्का बसतो.

आणि चुकून डिलीट दाबलं तर? बाराही तुकडे इमानेइतबारे पुसले जातात. त्यासाठी जुन्या आवृत्त्या ठेवाव्या लागतात, त्याही वेगळ्या खात्यात, ठरलेली मुदत संपेपर्यंत पुसता येणार नाहीत अशा कुलपात. दर महिन्याला त्यातली एखादी पट्टी दुसऱ्याच मशीनवर उतरवून तिचा चेकसम मूळ आकड्याशी जुळवायचा.