डब्यावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. नवीन गेमिंग कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, निघालं की पोरं मागे लागतात आणि जाहिरातीत पहिल्या दिवशी मिळणाऱ्या खेळांची लांबलचक यादी झळकते. त्या यादीवर माझा भरवसा नाही.

भुसावळला मामाचं रेल्वे क्वार्टर होतं. नव्वदच्या दशकात मामाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेटवर ठळक छापलेलं: 9999 इन 1! कॉलनीतली सगळी पोरं जमली. मामी म्हणजे भाजी घेतानाही काट्यावरून नजर न हलवणारी बाई. तिने दुधाच्या हिशोबाची वही काढली आणि मागच्या पानावर लिहायला बसली. आम्ही एकेक खेळ लावायचा, तिने नाव टिपायचं. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा, रणगाड्यांचा. पान भरायच्या आत पुन्हा मारिओ! नाव वेगळं, सुरुवात पुढच्या टप्प्यापासून, बाकी तोच. मग पुन्हा काँट्रा, फक्त जीव जास्त. "अरे, हा तं तोच हाये!" मामी म्हणाली. मामा ड्युटीवरून आला, कणीक तशीच परातीत, तरी वही चालूच. वेगळे खेळ निघाले विसेक. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती दुकानात गेली आणि पैसे कमी करूनच आली.

आता बघा, निन्टेंडो कंपनीचं स्विच टू हे कन्सोल 5 जून 2025 ला निघालं. यादी मोठी, पण मारिओ कार्ट वर्ल्ड बाजूला ठेवला तर बरेच खेळ दुसऱ्या मशीनवर आधीच येऊन गेलेले. डाँकी काँग बनान्झा, म्हणजे केळीवेड्या गोरिलाचा खेळ, आपल्या रावेर-यावलच्या पोरांना तोच आधी हवा. तो आला 17 जुलैला. उलट 1996 मध्ये जपानात निन्टेंडो 64 आलं तेव्हा खेळ तीनच होते. पण त्यात सुपर मारिओ 64 होता, आणि तेवढ्यावर लोकांनी मशीन घेतलं. म्हणून आकडा बघू नका, नावं वाचा. परत सांगतो: आकडा नाही, नावं.

आणि खेळ शक्यतो डाउनलोड न करता डिस्कचा किंवा कार्डाचा घ्या. एका घरातला खेळ चार घरांत फिरतो. मला तर वाटतं, गावच्या वाचनालयांनी पुस्तकांशेजारी असे खेळही ठेवावेत. पोरं त्या निमित्ताने कपाटापर्यंत तरी येतील.

घाईही नको. निन्टेंडो थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं मशीन अमेरिकेत मार्च 2011 मध्ये 249.99 डॉलरला आलं, ऑगस्टमध्ये 169.99 ला मिळू लागलं. दिवाळीला घ्यायचं असेल तर आजच पोराला विचारा, पहिल्या महिन्यात कुठला खेळ खेळशील? एकच नाव सांगितलं, पण पटकन सांगितलं, तर खुशाल घ्या. नुसती यादी दाखवली, तर वर्षभर थांबा.